शेवटचा बाक, नंबर एक

चर्चच्या किल्ल्या कायम कमरेला, म्हणून सगळे तिला किल्लीआत्या म्हणत. प्रेस्बिटेरियन मंडळींचं ते चिमुकलं दगडी चर्च. ना मूर्ती, ना रंगीत काचा. पांढऱ्या भिंती, साधे बाक आणि पाळकसाहेब उभे राहून उपदेश करतात ते लाकडी पुलपीट, बस्स. तीस वर्षं आत्या तिथे झाडलोट करत होती आणि तीस वर्षं दोन गोष्टींनी तिचं डोकं खाल्लं होतं. पुलपीटच्या मागे भिंतीला लागून एक दगडी पायरी होती. तिकडे चिटपाखरू फिरकत नसे, तरी ती मधोमध वाटीसारखी झिजलेली. आणि दाराजवळच्या अगदी शेवटच्या बाकावर कोरलेलं होतं, १.

"तुझ्या आजोबांना उलटं मोजायची हौस होती वाटतं," नवरा चिडवायचा.

आजोबा गवंडी. भिंती त्यांनी बांधल्या, बाकांवरचे आकडेही त्यांचेच. घरात सांगत आले होते, की त्यांना पुढची जागा देऊ केली तर ते म्हणाले, "मला इथंच बरं." तेव्हापासून सगळं घर त्याच बाकावर. पोरं पुढे पुढे करायला लागली की आत्या सुनवायची, "आपण शेवटच्या बाकावरची माणसं. फार शेफारू नका."

आता ओल आली म्हणून दुरुस्ती निघाली. दार रुंद करायचं, त्यासाठी शेवटचा बाक काढायचा, असं ठरत होतं.

"एका बाकाने आभाळ कोसळत नाही, आत्या," पाळकसाहेब म्हणाले.

"आभाळ नाही हो कोसळत. पण मी बसू कुठे?"

"पुढे या की!"

"इश्श! आमच्या घरात पुढे बसलंय कधी कुणी?"

गुरुवारी गिलावा खरवडला आणि इंजिनियरबाईंनी हाक मारली. झिजलेल्या पायरीच्या बरोब्बर वर बुजवलेल्या दाराची कमान निघाली होती. आणि समोर, आताच्या दाराच्या दोन्ही अंगांना, खांद्याइतक्या उंचीवर तुळईची चौकोनी भोकं.

"पूर्वी रस्ता पलीकडून असणार," बाई म्हणाल्या. "दार तिथे, पुलपीट इथे, या भोकांतल्या तुळयांवर. रस्ता हलल्यावर दार इकडे फोडलं, पुलपीट तिकडे नेलं आणि बाक जागच्या जागी फिरवले. तुमचा बाक सगळ्यात पुढचा, आत्या!"

"मग तो कसा काढायचा?" पाळकसाहेब खूश. "दार आहे तेवढंच राहू दे. बाकावर पाटी लावू, मानाचा बाक!"

बाक वाचला. आत्या मात्र मटकन त्याच्यावरच बसली. म्हणजे आजोबा आधी पुढेच बसत होते? आणि पुढची जागा देऊ केली ती चर्च फिरवल्यावर? म्हणजे ते मागे गेलेच नव्हते, फक्त जागेवरून हलले नव्हते? मग ते नम्र म्हणायचे की हट्टी?

"पाटी नको," ती कशीबशी म्हणाली.

"का हो?"

"काय लिहायचं तेच कळेना. आकडा आहे तेवढा पुरे."

रविवारी सगळं घर नेहमीच्या जागी बसलं. सून कानाशी वाकली. "आई, आता पोरांना काय सांगायचं? आपण पहिल्या बाकावरची की शेवटच्या?"

आत्याने आकड्यावरून अंगठा फिरवला. समोर बघितलं, मान वळवून मागे दाराकडे बघितलं.

"श्श! प्रार्थना सुरू झाली," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

प्रार्थनेला अजून पाच मिनिटं होती.