हरभऱ्यात उतरलेलं विमान

काल धाराशिवच्या एसटी स्टँडबाहेर हरभऱ्याचे ढाळे घेतले. घाटे सोलताना बोटांना ती आंबट आंब लागली आणि मी पुन्हा त्या रानात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी विमान चालवायला शिकत होते. त्या दिवशी सकाळीच मी सांगितलं होतं, इंजिन अडखळतंय. शिकवणारे सर म्हणाले, "थंडीनं होतं तसं, बेटा. जा तू." एकटीच वर गेले आणि ते बंद पडलं. कसंबसं हरभऱ्यात उतरवलं. पंख मोडला. खरचटलेल्या कोपराला आंब झोंबत होती. रानाची मालकीण धावत आली, पदरानं माझं तोंड पुसलं. "लई लागलं न्हाय ना, माय? पिकाचं ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात जीपमधून सर आले. "इंधनाचा खटका बंद केलास?"

"विसरले, सर." आग लागू नये म्हणून उतरल्यावर तो बंद करायचा असतो.

"असू दे, मी करतो." त्यांनी आत हात घालून तो फिरवला. मला वाटलं, किती काळजी!

चौकशीत त्यांनी सांगितलं, खटका बंदच सापडला. पोरीनं हवेतच चुकून फिरवला असणार, म्हणून इंजिन बंद पडलं. बेटा म्हणे! मालकिणीनं सगळं पाहिलं होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही. माझं उडणं तिथंच संपलं.

त्यांचा राग येतोच. पण जास्त सलतं ते वेगळंच. त्यांचा हात खटक्यावर असताना मी भरल्या डोळ्यांनी म्हणाले होते, "थँक यू, सर."