तेल उडालं

पुऱ्या तळताना तेलाचा वास घरभर पसरला की मला शहराच्या टोकाला असलेल्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. मला बघायला पाहुणे आले होते आणि टीव्हीवर एशियाडमधला आपल्या मुलींचा कबड्डीचा अंतिम सामना चालू होता. धूळ येते म्हणून आईने खिडक्या लावून घेतल्या होत्या. काठपदराच्या साडीत मी घामाघूम, हातात चहाचा ट्रे, आणि मुलासकट सगळे टीव्हीत बुडालेले. कॉलेजच्या संघात तीन वर्षं मी सांभाळला तोच डावा कोपरा. तिथून एका मुलीने झेप घेऊन चढाई करणारीचा घोटा धरला. माझेही हात पुढे गेले आणि कप खणखणले. मुलाच्या आईचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हा डाग कायचा वं?" मैदानावर घासून सोलला होता तो हात. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पुऱ्या तळून राहिली होती जी, तेल उडालं." बाई खूश झाल्या. "मंग सैपाक येते म्हणजे!" तेवढ्यात आपण जिंकलो. मुलगा उठून टाळ्या पिटत ओरडला, "काय पोरी आहेत बाप्पा!" मी पदराने सांडलेला चहा पुसत होते. त्याच मुलाशी लग्न होऊन आता दहा वर्षं होऊन गेली. मी कढईजवळ गेले की तो अजूनही मायेने म्हणतो, "दूर राह्य वं, मागच्यासारखी भाजशील." आणि मी खरंच एक पाऊल मागे सरते.