सॅलडच्या बाटलीवर तेलाचा थर

लेक तिसऱ्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा ती ताटाला हातच लावेना. वरण नको, भाकरी नको, दूध तर दुरूनच नको. विचारलं की "मळमळतंय" म्हणायची. आदल्या वर्षी तिचं एकदा पोटातलं गेलं होतं, त्यामुळे या वेळी आम्ही जीव मुठीत धरून होतो. पोटात चार घास गेले नाहीत तर बाळाला मिळायचं काय?

एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "आई, दिवाळीत मी एक बाटली ठेवून गेले होते बघ. सॅलडवर ओतायची. आहे का गं? काकडीवर घालून खाईन म्हणते."

आहे म्हणजे काय! जिवापाड जपलेली. कशी जपली ते सांगते, कारण सगळा घोळ तिथलाच. दिवाळीनंतर बघितलं, तर बाटलीत वर बोटभर तेल आलेलं, खाली तपकिरी पाणी, आणि त्यात कसला तरी पाला. म्हटलं, हे लोणच्यातलंच एक दिसतंय. लोणच्यावर तेल कमी पडलं की बुरशी धरते, हे आमच्या श्रीरामपुरात शेंबड्या पोरीलाही कळतं. मग मी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवलं, गार केलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. झाकण लावून वर फडकं बांधलं आणि लोणच्याच्या बरण्यांशेजारी अंधाऱ्या फडताळात ठेवून दिली. ओला हात लावायचा नाही, असं यांना बजावलं. हे म्हणाले, "मी कशाला शिवतोय? मला ते खोकल्याचं औषध वाटलं."

बाटली समोर ठेवली तर लेक त्या फडक्याकडेच बघत राहिली.

"आई, तू काय केलंस याला?"

"काय केलंस म्हणजे? टिकवलं!"

तिने मागची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवली. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. लवकर संपवा. वापरण्याआधी हलवा. मी विचारलं, "तारीख गेली का?" तर म्हणे तारीख अजून आहे, पण ती न उघडलेल्या बाटलीची. आता घ्या! एकाच बाटलीला दोन-दोन मुदती असतात हे मला कोण सांगणार?

तिने बाटली खळाखळा हलवली. सगळं गढूळ झालं आणि पांढरे ठिपके फिरायला लागले.

"ही बुरशी का गं?"

"लसूण असेल. लसूण लिहिलाय यावर."

"लसूण असा तरंगतो?"

"मला काय माहीत, आई!"

मी झाकण काढून बाटली नाकाला लावली. आंबट. वरण आंबलं की टाकायचं, भाजीला आंबूस वास आला की टाकायचं, हे मी जन्मभर करत आले. पण ही मेली जन्मतःच आंबट! बरं, तेल खवट झालंय का म्हणून हुंगावं, तर घाण्याच्या तेलाचा वास एवढा की बाकी काही लागेचना. आणि ते तेल ओतणारी मीच. गल्लीतल्या बायका आपापलं लोणचं माझ्या नाकाखाली आणून धरतात, आणि मला एका बाटलीचं कळू नये? राग आला, रडूही आलं.

शेजारणीला हाक मारली. ती नेवाशाकडची, बोलायला रोखठोक. तिने हुंगलं आणि म्हणाली, "आंबट हाय, म्हंजी गेलं. टाका."

"अगं, ती आंबटच असते."

"मंग ऱ्हाऊ द्या. आमी न्हाई खात असलं, मला काय इचारता?"

यांनी खुर्चीतून विचारलं, "झाकण उघडताना फुस्स झालं का? फुस्स झालं असेल तर गेली."

"कोल्ड्रिंकचं फुस्स झालं की चांगलं, याचं झालं की वाईट. काहीतरी एक ठरवा!" मी खेकसले. पण फुस्स झालं होतं का नव्हतं, तेही कुणाला आठवेना.

चिरलेल्या काकडीला पाणी सुटत चाललं होतं. द्यावं तर भीती, फेकावं तर पोरीने एवढं एकच मागितलेलं. डोकं चालेना. शेवटी म्हटलं, मी चमचाभर खाते, संध्याकाळपर्यंत काय होतं ते बघू. चमचा तोंडाशी नेला, तोच लेकीने हिसकावला. तेल माझ्या साडीवर सांडलं.

"तू चाखून काय होणार आहे?" ती ओरडली. "नंतर विचारतील ते मलाच!"

"कोण विचारणार?"

"सगळे! मागच्या वेळी दवाखान्यातून घरी गेले तर सासरी दारातच पहिला प्रश्न, काय खाल्लं होतंस? पपई खाल्ली का, तीळ खाल्ले का. डॉक्टर सांगत होते खाण्याने काही झालं नाही, तरी विचारतच होते." मग तिने चमचा खाली ठेवला. "मला भूक लागते गं, आई. ताट समोर आलं की भीती वाटते. या बाटलीवर आत काय काय आहे ते सगळं लिहिलंय, म्हणून मागितली. कुणी विचारलं तर सांगता तरी येईल."

शेजारीण गुपचूप उठून गेली. हे दुसरीकडे बघायला लागले. पोर माझ्या घरात भुकेली राहत होती, आणि मी बाटल्या हुंगत बसले होते!

मी बाटली उचलून मोरीत ओतून दिली. चांगली होती की खराब, ते मला आजही सांगता यायचं नाही. मग एकच ताट घेतलं. त्यात वरण-भात वाढला, वर तूप सोडलं आणि तिच्यासमोर बसले. पहिला घास मी खाल्ला.

"खा," मी म्हटलं. "कुणी विचारलं काय खाल्लंस, तर सांगायचं, आई खात होती तेच खाल्लं. पुढचं मी बघते."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घास उचलला. मग खाली मान घालून जेवत राहिली. माझं मघाशीच पोटभर जेवण झालं होतं, तरी मी पुन्हा पुन्हा भात वाढून घेतला. मी थांबले असते तर तीही थांबली असती.