मोडलेल्या गाडीचा नंबर

गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर ट्रकांचे रांगेतले नंबर लावणारा संगणकाचा प्रोग्राम मंगळवारी सकाळी साफ होऊन पुन्हा सुरू झाला. त्यातले जुने कोड साफ करणारी प्रोग्रामर बाई साखळीहून बसने येते आणि खाणीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते. लिहिलेली प्रत्येक ओळ ती पुटपुटत वाचते; अडखळली तर पुन्हा लिहिते. जुन्या कोडमध्ये नुसते 'क्ष' किंवा 'य' असे नाव दिसले की विचारते, "ह्याचं बारसं कोणी केलं नाही?"

त्या दिवशी शेवटच्या चार ओळी उरल्या होत्या. त्या निरुपयोगी दिसत होत्या, आणि पुसल्या असत्या तर कोणी विचारले नसते. पण न कळलेली ओळ ती चौकशीशिवाय काढत नाही. ती बाहेर गेली आणि सावंतवाडीकडच्या एका जुन्या ड्रायव्हरला म्हणाली, "काका, काल फेरी अर्धी राहिलेला ट्रक आज पहिला सोडा, असं इथं लिहिलंय. ठेवायचं का?"

"ता काढू नको हां, बाय. वाटेत गाडी मोडली तर दुसऱ्या दिवशी तिचो नंबर पयलो. आमचो रिवाज तो. काल माझ्याच गाडीचो स्प्रिंगचो पाटो तुटलो."

"म्हणजे ह्या ओळी पुसल्या असत्या तर आज तुम्ही रांगेत शेवटी गेला असता."

"शेवटी कसलो? शेवटच्याक फेरी गावत नाय, माझी फेरीच बुडली असती."

तिने आत येऊन त्या चार ओळींना 'मोडलेली गाडी आधी' असे नाव दिले आणि प्रोग्राम सुरू केला. आठ वाजता त्या ड्रायव्हरचा ट्रक पहिला सुटला.