कौसाकाकीचा सदरा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय — एक जुना सदरा. पुरुषाचा.

आमचं घर बोरी अरबला. अब्बा शिंपी. शेजारी कौसाकाकी राहायची. तिचा नवरा शेतात साप चावून गेला, तेव्हापासून ती कापूस वेचायला जाताना लुगड्यावर त्याचा सदरा घालायची. बोंडांची सुकलेली टोकं हाताला लागतात म्हणून, असं लोकांना वाटे. मला मात्र तिनं एकदा सांगितलं होतं, "अंगात घातला का थो सोबत हाये असं वाटते मले." मी तेव्हा तिच्याच ओट्यावर भाकर खात होतो. माझी आई लवकर गेली — मला वाढवलं ते काकीनंच.

पुढे मी मुंबईला गेलो, एका सिनेमा कंपनीच्या कपडेपटात लागलो. साठच्या आसपासची गोष्ट. एका चित्रपटात दुसऱ्यांचे संसार मोडणारी एक खेड्यातली बाई होती. दिग्दर्शक म्हणाले, ही पडद्यावर आली की तिनं तोंड उघडण्याआधीच लोकांना कळलं पाहिजे, ही कसली आहे. कोणी भडक लुगडं सुचवलं, कोणी तोंडात विडा. आणि मी — मी म्हणालो, लुगड्यावर पुरुषाचा सदरा घाला. कोणाचा, ते सांगूच नका. बाह्या दुमडलेल्या, वरची गुंडी उघडी. लोक समजायचं ते समजतील.

साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हा काकी आठवली नाही, असं म्हणू का? आठवली होती. बाह्या दुमडल्या त्यासुद्धा तिच्यासारख्याच.

तो चित्रपट गावात तंबूत लागला तेव्हा मी घरी आलो होतो. काकी बायकांत पुढे बसली होती — कपडे आपल्या पोरानं केले, असं सगळ्यांना सांगत. ती बाई पडद्यावर आली. मागून कोणीतरी काकीचं नाव घेतलं, आणि सगळा तंबू हसला. मी मान खाली घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी काकी आमच्या दारात आली. "बाबू, तिले सदरा घालाचं कोनं सांगतलं?"

साहेबांनी, म्हणालो. किती सहज म्हणालो.

"मले वाटलंच. तू कायले असं करशीन."

अब्बा मशीनवर होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या हंगामात ती उघड्या हातांनी कापूस वेचायला गेली. पोरं तरीही तिला सिनेमातल्या बाईच्या नावानं हाका मारत. सदऱ्याचं तिनं काय केलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी सुट्टीवर आलो की ती भाकर घेऊन यायची — हात ओरखडलेले. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं तर भांडायची, त्याचा काही दोष नाही म्हणून. मरेपर्यंत तसंच सांगत राहिली.

दोष माझाच होता. सदरा मीच सुचवला — ती तो कशासाठी घालते, हे ठाऊक असून.