टिटवी काय म्हणत होती

मला पाखरांची भाषा येते, हा शोध आमच्या घरात सगळ्यांत आधी मीच लावला.

नुकतीच लग्न होऊन सिरसाळ्याला आले होते. माहेर धारूरच्या डोंगरातलं, लहानपण शेळ्यांमागं गेलेलं. एकदा गोठ्यावर साळुंक्यांनी कालवा केला, तेव्हा मी चुलीपुढून न उठता म्हणाले, "साप हाय." आणि निघाला की! तेव्हापासून सासरे, म्हणजे मामंजी, पाखरू ओरडलं की माझ्याकडं बघायचे. (माझ्या डोक्यात हवा शिरली ती तेव्हाच.)

पुढं ज्वारी निघाली. मामंजींनी दोन दिवस खपून रानात कडब्याची गंजी रचली. दोन बैलं आणि एका म्हशीचा अख्खा उन्हाळा त्या गंजीवर होता. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत बोंबलायला लागली.

"काय म्हणतीय गं?" मामंजींनी विचारलं.

मी मान तिरपी करून ऐकलं. "गंजीत साप हाय. लई मोठा."

मामंजींचा चेहराच उतरला. "मंग उपसावी लागंल."

"वैनी, नक्की ना?" दीर म्हणाला. पेंढ्या त्यालाच उपसायच्या होत्या.

"भाऊजी, डोंगरातलं माहेर माझं हाय का तुमचं?"

बापलेक उपसायला लागले. मी बांधाला उभी राहून हुकूम सोडत होते. सापाच्या भीतीनं एक पाऊल मागं सरकले, टिटवीचा आवाज वाढला. "खाली उतरलाय," मी सांगितलं. आणखी एक पाऊल मागं. टिटवी किंचाळली. "आता चवताळलाय." शेवटी ती माझ्या पदरावरच झेपावली, तोवर गंजी भुईसपाट झाली होती. तळातून एक उंदीर निघाला आणि घाई न करता निघून गेला.

सासूबाई बाभळीखाली बसून हे सगळं बघत होत्या. त्या उठल्या, माझा दंड धरून त्यांनी मला दहा-बारा पावलं पुढं आणलं. टिटवी गप्प!

मी उभी होते तिथं, टाचेपासून वीतभरावर, ढेकळांत ठिपक्याठिपक्यांची चार अंडी होती.

"साप न्हाई म्हणत ती," सासूबाई म्हणाल्या. "ह्या सुनंला हितून हलवा म्हणतीय."

गंजी परत रचायला तीन दिवस गेले. सगळ्या पेंढ्या मी वाहिल्या, लांबच्या वाटेनं. टिटवी तरीही मला बघून ओरडायची. अर्थ मात्र मामंजींनी पुन्हा कधी विचारला नाही.