मेट्रनबाईंच्या नावाचा तांदूळ

"पोरगी तिथी खाईन काय?"

आडकूभाऊंनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं, "भाऊ, हॉस्टेलात अंडंसुद्धा शिजत नाही. मी स्वतः तिथल्या मेट्रनबाईंना विचारून आले."

"सांगनं वेगळं बाई, अन् पाहनं वेगळं."

झालं! सकाळपासूनचं माझं बोलणं फुकट गेलं. मी त्यांच्या पडवीत बसले होते. आत दाराआड त्यांची सून सगुणा उभी होती. तिचा हात तेवढा चौकटीवर दिसत होता.

तेव्हा मी मूल गावच्या विकास गटात मुख्यसेविका होते. गावोगावच्या ग्रामसेविकांची कामं बघायची, बायकांचे वर्ग चालवायचे आणि साहेबांची बोलणी खायची, असं ते पद. चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होतं. तिथं सरकारनं नर्स-दाईचं ट्रेनिंग काढलं होतं. राहणं-जेवण फुकट, पण मुलगी सातवी पास हवी. आमच्या अख्ख्या गटात सातवी झालेली आणि घराबाहेर पडू शकेल अशी बाई एकच होती, सगुणा. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही. गावातली बाळंतीण अडली की बैलगाडीत घालून मूलला आणायची, आणि पुष्कळदा गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. सगुणाची सख्खी जाऊ तशीच गेली होती. त्यामुळे ह्या पोरीला नर्स व्हायचं होतं, ते हौस म्हणून नव्हे.

आडकूभाऊ काही दुष्ट सासरे नव्हते. सुनेवर त्यांचा फार जीव. पण त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. घरात मासमच्छी बंद, आणि जिथं ती शिजते तिथलं पाणीही बंद. शहर म्हणजे सगळं एकाच चुलीवर शिजतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मी म्हटलं, "मग चला ना पाहायला! आपल्या गटाची नागपूर टूर निघणार आहे. तुम्ही या, सगुणाला आणा. दोन दिवस राहा, जेवा, हॉस्टेल बघा. नाही पटलं तर घेऊन या परत."

त्यांनी होकाराची मान हलवली. दाराआडचा हात दिसेनासा झाला. तो तोंडावर गेला असणार.

आता टूर निघणार आहे, हे मी जरा पुढचं बोलून बसले होते. तशी टूर मंजूर होती, शेतकऱ्यांना शेती प्रदर्शन दाखवायची. त्यात बायकांचं नाव नव्हतं. मी बी.डी.ओ. साहेबांपुढे उभी राहिले.

"बाई, ही प्रदर्शनाची टूर आहे की सोयरीक जमवायची?"

"सर, आपल्या गटातून ट्रेनिंगला एकही मुलगी गेली नाही, असं वर कळवायचं असेल तर राहू द्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हे ते हरले की करायचे. म्हणाले, "न्या. पण जेवणाचं तुम्ही बघा. स्वस्त पाहिजे, शाकाहारी पाहिजे आणि स्टेशनच्या जवळ पाहिजे. मागच्या टूरला लोकांनी माझं डोकं खाल्लं."

त्या महिन्यात मीटिंगसाठी नागपूरला गेले, तेव्हा मी दुसरं काही केलंच नाही. इतवारीत उतरले आणि भोजनालयं पालथी घातली. सरळ स्वयंपाकघरात शिरायचं आणि झाकण उघडून बघायचं. एका ठिकाणी 'शुद्ध शाकाहारी' पाटीखालीच आम्लेट चाललं होतं. विचारलं तर मालक म्हणतो, "अंडं कुठं मांसात येतं, बाई?" दुसऱ्या ठिकाणी सगळं ठीक, पण दर असा की आमची टूर पहिल्या जेवणातच संपली असती. शेवटी एका बोळात मला हवं ते सापडलं. आचारी सोवळ्यात, भांडी लख्ख, चूल वेगळी, दर परवडणारा. मी तिथंच जेवले. तव्यावरची पोळी थेट ताटात, वर तूप, वांग्याची भाजी, वरण. हवं तेवढं वाढत होते. मी आर्वीकडची, गहू-ज्वारीवर वाढलेली. इतकी खूश झाले की मालकाला म्हटलं, "आमची माणसं पोटभर जेवतील बघा!"

निघायच्या दिवशी मूलच्या स्टेशनावर आडकूभाऊ धुतलेलं धोतर नेसून आले. सोबत सगुणा. आणि शेजारचा डोमाभाऊ, ढिवर. गावच्या तलावावर मासे धरणारा. आडकूभाऊ मासोळीचं नाव घेत नसत आणि डोमाभाऊ दुसरं नाव घेत नसे, तरी दोघांची लहानपणापासूनची दोस्ती. मी त्याला बजावलं होतं, टूरमध्ये सगळं शाकाहारी.

"दोन दिवस मासोळ्याइले सुट्टी देली, बाई," तो म्हणाला. "त्याबी खूश असतीन."

आडकूभाऊंच्या काखेत कापडाची एक घट्ट बांधलेली पिशवी होती. गाडीत सगळ्यांनी सामान बाकाखाली सारलं, पण ती पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

"काय आहे भाऊ?"

"मेट्रनबाईच्या नावचा तांदूर आहे. आपल्या बांदीतला चिन्नोर. कोनाच्या दारी रिकाम्या हातानं कसं जावं?"

बांदी म्हणजे धानाचं शेत, आणि चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. मला ते गोड वाटलं आणि मी ते विसरूनही गेले. छोट्या लाईनची गाडी नागभीडला बदलत, डुलत डुलत आम्ही इतवारीला पोचलो.

भोजनालयात आडकूभाऊ आधी स्वयंपाकघरात गेले. चूल पाहिली, डाळीचं पातेलं पाहिलं, आचाऱ्याला कूळ विचारलं. बाहेर येऊन म्हणाले, "चोख आहे, बाई." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, जिंकलो!

पानं मांडली. गरम पोळ्या आल्या. सगळ्यांनी एक-एक पोळी भाजीशी खाल्ली आणि हात आवरून बसले. वाढप्या पोळी घेऊन फिरतोय आणि सगळे ताटावर हात आडवा धरताहेत. मला वाटलं, लाजतात. मी आपली आग्रह करतेय, "घ्या ना भाऊ, लाजू नका!"

"घेतो नं. भात येऊ द्या."

भात आला. मूठभर मूद, वर वरण. डोमाभाऊनं ती दोन घासांत संपवली आणि ताट पुढे केलं. आडकूभाऊंनीही केलं. बघता बघता सगळ्या पंगतीची ताटं पुढे आली. वाढप्या घाबरून मालकाकडे गेला.

मालक म्हणाला, "भात एकदाच. पोळ्या घ्या की हव्या तेवढ्या."

"बाई, हे तं नास्ता झाला," डोमाभाऊ मला म्हणाला. "जेवन कुठी आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही सगळी धानाच्या पट्ट्यातली माणसं. दोन्ही वेळा भात, सकाळी शिळा भात. पोळी सणासुदीची, पाहुण्याची, तोंडाला चव म्हणून. ती खाऊन कुणी जेवलो म्हणत नाही. वर्षभर मी ह्यांच्याच घरी भात खात होते, बाई! मासमच्छी शिजते का, तूप कसलं, भांडी कुठं घासता, सगळं विचारलं मी त्या मालकाला. भात किती वाढता, हे काही विचारलं नाही.

मी मालकाशी भांडले. तो म्हणाला, आज तर तांदूळच संपला, आणि इथं भाताला इतकं गिऱ्हाईक नसतं. आडकूभाऊ पाणी पिऊन उठले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी काही बोलले असते.

बाहेर नळावर हात धुताना मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमच्याजवळ तांदूळ आहे ना? ह्या लोकांकडून शिजवून घेऊ. सगळे जेवतील."

त्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "नाई. हा त्या बाईच्या नावचा. दुसऱ्याच्या नावचं आपन कसं खावं?"

मग सुनेकडे वळून म्हणाले, "पोरी, उद्या गावाले चाल. इथी मानूस उपाशी राहीन."

सगुणा टूरभर सासऱ्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. ती पदर सावरत म्हणाली, "मामाजी, मी भातावाचून राहीन. वर्षभर पोयीच खाईन. मले चालते."

"तुले चालते," म्हातारा म्हणाला. "अन् मले? तू इथी उपाशी, हे मनात येईन तं तिथी माझ्या गयातून घास उतरन का?"

बायकांचे हक्क, सरकारची योजना, सगळं भाषण माझ्या तोंडात होतं. ते तिथंच विरलं. ह्या माणसाचा विरोध असता तर मी लढले असते. इथं तर नुसती माया होती, आणि मायेशी कसं भांडायचं ते आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. सगुणा नळाकडे तोंड करून उभी राहिली. नळ कधीचा बंद होता, तरी ती हातच धूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे प्रदर्शन बघायला गेले. डोमाभाऊ चण्या-मुरमुऱ्यावर वेळ मारून नेत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "नागपूर सुंदर आहे, पन उपाशी आहे." मला हसूही येत नव्हतं. मी आडकूभाऊंना म्हटलं, "मग तिकिटं काढायची का परतीची?"

"काढा. पन आधी मेट्रनबाईकडे चाला."

"काऊन भाऊ? सगुणाला ठेवायचं नाही ना?"

"नाई ठेवाचं. पन तांदूर तिच्या नावानं गावाबाहेर काढला. तो वापस घरात नाई जात. तिच्या हातात देतो अन् निंगतो."

मी गुपचूप टांगा बोलावला.

मेट्रनबाई म्हणजे हॉस्टेलच्या मुख्य. उंच, खणखणीत आवाजाच्या. आडकूभाऊंनी दंडवत केला आणि पिशवी पुढे धरली. त्यांनी गाठ सोडून मूठभर तांदूळ हातात घेतला, नाकाशी नेला आणि डोळेच मिटले.

"चिन्नोर! अहो, हा कुठं मिळाला? आमच्या पोरी वेड्या होतील. या, या, जेवणाचीच वेळ आहे. बसा पंगतीत."

आडकूभाऊ नाही म्हणणार, तोच आतून वास आला. भाताचा. थोड्याथोडक्या नाही, पातेलंभर भाताचा.

भोजनघरात मुली ओळीनं बसल्या होत्या. मध्ये दोघींनी धरून आणावा असा भाताचा हंडा. मी मेट्रनबाईंना विचारलं, "इथं एवढा भात?"

"निम्म्या मुली रायपूर-बिलासपूरकडच्या, बाकी भंडाऱ्याच्या. पोळी केली तर रुसून बसतात! गव्हाचं रेशन पडून राहतं माझं."

घ्या! मागच्या वेळी ह्याच बाईंसमोर बसून मी "अंडंसुद्धा शिजत नाही ना?" विचारलं, त्या "नाही" म्हणाल्या, आणि मी चहा पिऊन उठले होते.

आडकूभाऊंनी आत जाऊन चुली पाहिल्या. ते काही सुटलं नाही. मग पानावर बसले. एक ठेंगणी, काळीसावळी मुलगी मोठ्या डावानं वाढत होती. तिनं भाताचा ढीग घातला, वरून डाळ ओतली आणि तो संपायच्या आत पुन्हा उभी. "अऊ देवंव बबा?" अजून वाढू का, असं ती तिच्या छत्तीसगढीत विचारत होती. आडकूभाऊंना भाषा कळली नाही, पण डाव कळला. त्यांनी ताट पुढे केलं. मग पुन्हा केलं. मी मोजलं नाही, मला दृष्ट लावायची नव्हती.

जेवून झाल्यावर त्यांनी त्या मुलीला विचारलं, "सकायी काय देते तुमाले?"

तिला प्रश्न कळला नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, "रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात. बासी म्हणतात. त्याच्यावरून तर भांडणं होतात इथं."

आडकूभाऊ हात पुसत उठले. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "हिचं पेटारं गावाहून धाडून देतो. आजपासून राहू द्या हिले इथीच."

सगुणा त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकली ती उठेचना. म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला. मी खिडकीपाशी जाऊन मैदान बघत बसले. मैदानात काही नव्हतं. पण डोळ्यांत पाणी आलं होतं, ते साऱ्या पंगतीला कशाला दाखवायचं?

परतीच्या गाडीत डोमाभाऊनं विचारलं, "आडकू, सून कुठी आहे?"

"ठेवली."

"उपाशी?"

"तुज्यापेक्षा जास्त जेवते तिथी," आडकूभाऊ म्हणाले आणि रिकामी पिशवी उशाला घेऊन झोपले. नागभीडला गाडी बदलताना त्यांना हलवून उठवावं लागलं.

साहेबांनी टूरचा रिपोर्ट मागितला. जेवणाबद्दल मी लिहिलं, 'व्यवस्था शाकाहारी व स्वस्त होती.' दोन्ही खरं होतं. साहेबांनी खाली 'उत्तम' असा शेरा मारला.

सगुणा पास झाली. धानोऱ्याच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली आणि त्या रानातल्या किती बायका तिच्या हाताखालून सुखरूप सुटल्या त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पुढे नोकरीत मी पुष्कळ टूर काढल्या. माणूस काय खात नाही हे आपण फार काळजीनं विचारतो, आणि विचारलं की काम झालं असं वाटतं. मी तेव्हापासून आधी विचारते, "पोट कशानं भरतं तुमचं?"